सत्तेचाळीस नंबरचा धोका

आमच्या आत्याला ऑफिसात सगळे ‘काळजीवाहू’ म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडायचंही. उपग्रह बांधणाऱ्या एका संस्थेत ती सव्वीस वर्षं होती. ही गोष्ट घडली तोवर त्यातली एकोणीस वर्षं तिने एकच काम केलं होतं: पुढे काय काय बिघडू शकतं ते आधीच लिहून ठेवायचं. ऑफिसच्या भाषेत त्याला रिस्क रजिस्टर म्हणत. आत्या त्याला नुसतं ‘वही’ म्हणायची. खरं तर ती कॉम्प्युटरवरची यादी होती, पण आत्या दर महिन्याला तिची छापील प्रत काढून फायलीत लावायची, म्हणून वही.

वहीत प्रत्येक धोक्याला दोन आकडे असत. हे घडण्याची शक्यता किती, एक ते पाच. आणि घडलंच तर नुकसान किती, तेही एक ते पाच. दोन्हींचा गुणाकार करायचा. पंधरा किंवा त्याहून जास्त आला की ओळ लाल. लाल ओळ आली की काहीतरी करावंच लागे: नवी चाचणी, एखादा बदल, नाहीतर कार्यक्रमप्रमुखांची लेखी सही की मी हा धोका पत्करतो. त्याच्या खालच्या ओळी पिवळ्या. पिवळ्या ओळीपुढे लिहिलेलं असायचं, ‘लक्ष ठेवावे.’ म्हणजे कुणीही लक्ष ठेवत नसे.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि मला एवढंच माहीत होतं की माझी आत्या आणि माझी आई एकाच ऑफिसात जातात, एकाच बसने जातात, आणि आत्या नेहमी खिडकीची जागा पकडून बाहेर बघत बसते.

आई आणि आत्या त्या संस्थेत एकाच दिवशी लागल्या. पहिली दोन वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसल्या. एका रविवारी आत्याने मैत्रिणीला घरी आणलं आणि तिच्या थोरल्या भावाने, म्हणजे माझ्या बाबांनी, त्या दिवसापासून रविवारी बाहेर जाणंच बंद केलं. “तिला घरात मीच आणलं, दोष कुणाला देऊ?” असं आत्या सगळ्यांसमोर म्हणायची आणि सगळे हसायचे. आत्याही हसायची. पण हसून झालं की तिचा चेहरा बाकीच्यांपेक्षा लवकर सरळ व्हायचा.

लग्नानंतर आई आत्याला गमतीने ‘वन्सं’ म्हणू लागली. अगदी जुन्या वळणाचा तो शब्द, तोही बरोबरीच्या मैत्रिणीला. आत्याही मग ठसक्यात ‘वहिनी’ म्हणायची. आमचे दोन फ्लॅट एकाच मजल्यावर समोरासमोर होते. इकडे आई, बाबा आणि मी, तिकडे आत्या आणि आजी. आत्याने लग्न केलं नव्हतं. आजीचं सगळं आत्या करायची. औषधं, डोळ्यांचे थेंब, दर पंधरा दिवसांनी दवाखाना. आणि आजी कौतुक कुणाचं करायची? समोरच्या फ्लॅटमधल्या सुनेचं.

“माझी सून उपग्रहाचे पंख उघडते,” आजी खालच्या मजल्यावरच्या बायकांना सांगायची.

“आणि लेक?”

“लेक ना… ती लिहिते काहीतरी. काय काय मोडेल त्याची यादी करते.”

आजीचं म्हणणं तसं चुकीचं नव्हतं. आईचा विभाग म्हणजे उपग्रहात जे जे घडी घालून पाठवलेलं असतं ते वर जाऊन उघडेल असं बघणारा. पंख म्हणजे सौर पॅनेल. उड्डाणाच्या वेळी ते उपग्रहाच्या अंगाला चिकटवून बांधलेले असतात. वर गेल्यावर बंध तुटतात, बिजागऱ्यांमधल्या स्प्रिंगा ढकलतात आणि पॅनेल हळूहळू उघडतात. उघडले नाहीत तर उपग्रहाला वीज नाही, आणि वीज नाही तर तो काही तासांत निव्वळ भंगार. एवढं सगळं आठ बिजागऱ्यांवर. त्या उघडल्या की टाळ्या पडायच्या, आणि टाळ्या आईच्या.

आत्याच्या कामाला टाळ्या पडण्याची सोयच नव्हती. तिचं काम नीट झालं की काहीच घडत नसे.

यातला सगळ्यात मोठा घाव मी सांगतेय त्या गोष्टीच्या दोन वर्षं आधी बसला होता. एका उपग्रहाची अँटेना वर जाऊन अडकली. आई आणि तिचे लोक नऊ दिवस नियंत्रण कक्षात ठाण मांडून होते. उपग्रह सूर्याकडे वळवायचा, तापवायचा, पुन्हा सावलीत न्यायचा, असं करत करत नवव्या दिवशी अँटेना सुटली. वर्तमानपत्रात आईचा फोटो आला. केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू. आत्या म्हणते, “इतका चांगला फोटो माणसाचा मुद्दाम काढूनसुद्धा येत नाही.” आजीने तो कापला आणि आत्याच्याच फ्रिजवर, आत्याच्याच लोहचुंबकाखाली लावला. रोज सकाळी दूध काढताना तिला वहिनीचं तोंड बघावं लागे.

आणि ती अँटेना? ती आत्याच्या वहीत होती. बारा नंबर, लाल ओळ. आईच्याच विभागाने ‘वेळापत्रकात बसत नाही’ म्हणून जादा चाचणी टाळली होती आणि तेव्हाच्या प्रमुखांनी धोका पत्करल्याची सही केली होती. तो कागद आत्याकडे फायलीत होता. नऊ दिवसांत एकानेही तो मागितला नाही. ज्यांनी चाचणी टाळली त्यांनीच नऊ दिवस राबून अँटेना सोडवली आणि त्यांचेच फोटो आले. आत्याने मला हे सांगितलं तेव्हा ती निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी सांगताना तिचा आवाज चढला. “मी सांगितलेलं ऐकलं असतं तर फोटोच आला नसता. कळतंय का तुला?”

मग उपप्रमुखाची जागा निघाली.

नव्या उपग्रहाचं काम अर्ध्यावर आलं होतं. कार्यक्रमप्रमुखांना हाताखाली कुणीतरी हवं होतं. प्रमुख म्हणजे एक शांत, उंच गृहस्थ. चष्मा सतत पुसायचे आणि पुसून झाला की तो घालायला विसरायचे. आत्याने अर्ज केला. आयुष्यात पहिल्यांदा तिने स्वतःसाठी काहीतरी मागितलं होतं. मुलाखतीला नवे बूट घालून गेली. सगळ्या विभागांचं काम आपल्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, हे तिला पक्कं माहीत होतं, आणि ते खरंही होतं.

प्रमुखांनी तिला बोलावून घेतलं. “तुमच्यासारखी बारीक नजर आम्हाला आहे तिथेच हवी,” ते म्हणाले. “तुम्हाला तिथून हलवलं तर वही कोण सांभाळेल?”

जागा आईला मिळाली. आईने अर्जसुद्धा केला नव्हता.

आई ही बातमी सांगायला स्वतः आत्याच्या टेबलाशी आली. हातात चहाचे दोन कप.

“तुझ्या कानावर दुसऱ्या कुणाकडून यायला नको म्हणून आले,” ती म्हणाली. “रागावलीस?”

“मी कशाला रागावू?”

“तू अर्ज केला होतास हे मला माहीत नव्हतं, शपथ. नाहीतर मी…”

“नाहीतर काय, नको म्हणाली असतीस?”

आईने आपला कप खाली ठेवला. “नाही,” ती म्हणाली, “म्हणाले नसते.” खोटं बोलणं तिला कधी जमलंच नाही. आत्याने तो चहा पूर्ण प्यायला, कप धुऊन ठेवला आणि स्वच्छतागृहात जाऊन दहा मिनिटं नळ सोडून उभी राहिली. तिला रडू आलं नाही. आईला पद मिळालं, तेही न मागता मिळालं, आणि वर ती प्रामाणिकपणे वागली. राग धरायला एक चांगलं कारणसुद्धा तिने आत्याला दिलं नाही.

त्याच आठवड्यात महिन्याची आढावा बैठक होती. आत्याने एका केबलबद्दल चिंता मांडली. थोडी जास्तच मांडली असेल. आई वातावरण हलकं करायला म्हणाली, “आमच्या वन्सं घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून बघतात. मी समोरच राहते, मला माहीत आहे.” सगळे खो खो हसले. प्रमुखसुद्धा.

आणि आठवड्याभराने ते पत्र आलं.

बिजागऱ्यांमध्ये भरायचं वंगण बाहेरच्या एका पुरवठादाराकडून येत असे. अवकाशातल्या थंडीत न गोठणारं, खास वंगण. पत्रात चार ओळी होत्या. आम्ही उत्पादन नव्या कारखान्यात हलवलं आहे, मालाचे गुणधर्म पूर्वीसारखेच आहेत, गेल्या महिन्यात पाठवलेले डबे नव्या मालाचेच आहेत, कळावे. असली पत्रं महिन्याला तीस-चाळीस येत. ती आधी आत्याच्या टेबलावरून जात, कारण ती मन लावून वाचणारी ती एकटीच होती.

आत्याने डब्यांचे क्रमांक बिजागऱ्यांच्या कागदपत्रांशी ताडून पाहिले. थंडीतली चाचणी जुन्या वंगणावर झाली होती. उपग्रहावर जाणाऱ्या आठही बिजागऱ्यांत मात्र नवं भरलं होतं. नव्या मालाची चाचणी साध्या खोलीतच झाली होती, थंडीत नाही. आईच्या विभागाच्या हे लक्षात आलं नव्हतं. डब्यांवरचं लेबल एकच होतं.

सत्तेचाळीस नंबरची ओळ आत्याने नव्याने उघडली. ‘वंगणाचा बदललेला माल थंडीत घट्ट होऊन पॅनेल अर्धवट उघडणे.’ नुकसान: पाच. त्यात वाद नव्हता. शक्यता?

तिला आकडा ठाऊक होता. तीन. कदाचित चार. कारखाना बदलला की असल्या मालात काय काय फरक पडतो, हे तिने पूर्वी दोनदा पाहिलं होतं. तीन म्हणजे पंधरा, पंधरा म्हणजे लाल, लाल म्हणजे बिजागऱ्या पुन्हा थंडीच्या चेंबरमध्ये.

तिने दोन लिहिले.

“मी चुकून नाही लिहिले हं,” तिने मला सांगितलं. “नीट विचार करून लिहिले. दोनचं समर्थन करता येत होतं. पुरवठादार म्हणतोय ना, गुणधर्म तेच आहेत? मग दोन. उद्या कुणी विचारलंच तर म्हणणार होते, मी जास्तीचा आकडा दिला की तुम्हीच हसता. कुलूप ओढून बघते म्हणता. घ्या मग.”

“पण पॅनेल उघडले नसते तर?”

“तर तिच्या बिजागऱ्या अडकल्या असत्या.” आत्याने माझ्याकडे पाहिलं नाही. “मला तेच बघायचं होतं. एकदा. सगळ्यांसमोर तिची एक गोष्ट अडकायला हवी होती.”

पुढचे वीस दिवस आत्या आईशी इतकी गोड वागली की आईला वाटलं, चला, राग गेला. बसमध्ये खिडकीची जागा तिने आईला दिली. आमच्याकडे फुलं आणली. मला आठवतं, एका संध्याकाळी तिने आईचा कोट स्वतः इस्त्री करून दिला, कारण दुसऱ्या दिवशी उपप्रमुख म्हणून आईची पहिली मोठी बैठक होती. आजी तर खूश झाली. “नणंद-भावजय असाव्यात तर अशा,” असं तिने खाली जाऊन सांगितलंसुद्धा.

आणि आत्या आतून जळत होती. आई जिना चढताना गुणगुणायची, त्याचा तिला राग यायचा. आईचं अक्षर सुंदर होतं, त्याचा राग यायचा. बैठकीत आई बोलायला लागली की लोक हातातलं पेन खाली ठेवायचे. आत्या बोलायला लागली की लोक घड्याळ बघायचे. ते ती मोजायची. बाबा दार उघडून आईच्या हातातली पिशवी घ्यायचे. समोरचं दार उघडायला आत्याला स्वतःच्याच पर्समध्ये किल्ली शोधावी लागायची. हे तर तिला रोज दिसायचं. “तिच्याकडचं एकेक मला पाठ झालं होतं,” ती म्हणाली. “वहीत नसेल इतकी लांब यादी.”

त्या वीस दिवसांत आठही बिजागऱ्या पॅनेलवर बसल्या आणि पॅनेल उपग्रहावर चढले.

मग पुढची आढावा बैठक आली. आई आता टेबलाच्या टोकाला, प्रमुखांच्या शेजारी बसत होती. वहीतल्या ओळी पडद्यावर एकेक करून येत होत्या. सत्तेचाळीस आली.

“वंगण,” प्रमुख म्हणाले. “पिवळी आहे. शक्यता दोन. हे कुणी दिलंय?”

“मी,” आत्या म्हणाली.

प्रमुखांनी चष्मा पुसला. “तुमचा दोन म्हणजे आमचा शून्य,” ते म्हणाले. “तुम्ही ज्याला पाच देता त्याला मी तीन समजतो, तीनला दोन. पंधरा वर्षांचा हिशेब आहे माझा. तुम्हीच दोन देत असाल तर ही ओळ ठेवायची कशाला? बंद करू या.” मग ते आईकडे वळले. “बिजागऱ्या तुमच्या आहेत. तुमचं काय मत?”

आईने कागदावरून मान वर केली. “माझ्याकडे ते पत्र आलं होतं, पण मी ते नीट वाचलेलं नाही,” ती म्हणाली. “खरं सांगते. वन्सं वाचतात म्हणून मी वाचत नाही. तिने दोन दिले असतील तर माझी काही हरकत नाही. बंद करा.”

या वेळी कुणी हसलं नाही. सगळ्यांना ते साधं, रोजचं वाटलं. आत्याला सोडून. एकोणीस वर्षं तिला वाटत होतं की आपले आकडे कुणी वाचतच नाही. आणि इथे प्रमुखांनी तिच्या आकड्यांचा हिशेब ठेवला होता. आई तर तिच्या भरवशावर पत्रंसुद्धा वाचत नव्हती. जे कौतुक तिला हवं होतं ते टेबलावर सरळ ठेवलेलं होतं. नेमकं तेच वापरून ती आईला खड्ड्यात ढकलत होती.

“बंद नका करू,” आत्या म्हणाली. “मला एकदा परत बघू दे.”

“बघा,” प्रमुख म्हणाले आणि पुढची ओळ आली.

बैठक संपल्यावर आई क्लीनरूमकडे, म्हणजे उपग्रह जोडायच्या धूळमुक्त खोलीकडे गेली. आत्या तिच्यामागे गेली. क्लीनरूमच्या बाहेर कपडे बदलायची एक चिंचोळी खोली होती. एका बाकावर बसून तिथे पांढरा अंगरखा, टोपी, मुखपट्टी आणि बुटांवरच्या पिशव्या चढवाव्या लागत. पायाखाली धूळ धरणारी चिकट चटई. आईने टोपी चढवली होती. केस आत गेल्यामुळे तिचा चेहरा अगदी लहान दिसत होता.

“दोन नाही,” आत्या दारातूनच म्हणाली. “तीन आहे. चारही असेल.”

आईने हातमोजा खाली ठेवला. “काय?”

“सत्तेचाळीस. थंडीची चाचणी जुन्या मालावर झालीय. तुझ्या आठही बिजागऱ्यांत नवा माल आहे. कारखाना बदललाय.”

आईने आधी कामाचं विचारलं. डब्याचा क्रमांक काय, चाचणीची तारीख काय, जुन्या मालातलं काही शिल्लक आहे का. आत्याला सगळं तोंडपाठ होतं. तिने धडाधड उत्तरं दिली. ती उत्तरं इतक्या झटपट आली की आईच्या लक्षात आलं.

“तुला हे आत्ता कळलं?”

“नाही.”

“कधी?”

“पत्र आलं त्या दिवशी.”

आई बाकावरून उठली. “वीस दिवस झाले त्याला. वीस दिवसांपूर्वी त्या बिजागऱ्या माझ्या टेबलावर होत्या गं! हातात घेऊन चेंबरमध्ये टाकल्या असत्या. आता पॅनेल उतरवावे लागतील. का? का नाही सांगितलंस?”

आत्याने खूप कारणं तयार ठेवली होती. ती सगळी तिने बाजूला ठेवली.

“तुझ्यामुळे,” ती म्हणाली. “तुझं काहीतरी अडकावं असं वाटत होतं मला.”

आईने टोपी काढली, नीट घडी घातली, पुन्हा उलगडली.

“माझा कोट इस्त्री केलास तू,” ती शेवटी म्हणाली. “ते कळल्यावर केलास?”

“हो.”

आईने टोपी बाकावर ठेवली. आत्याच्या बाजूने निघून गेली. चिकट चटईवर तिचे बूट चर्र चर्र वाजले. बाहेर गेल्यावर ती वळली आणि पहिल्यांदाच ऑफिसच्या सुरात तिला ‘तुम्ही’ म्हणाली. “वहीत आकडा बदला. आणि खरी तारीख लिहा.”

आत्याने लिहिलं. शक्यता दोनऐवजी तीन. बदलाची तारीख. आणि शेवटच्या रकान्यात, ‘बदलाचे कारण’ या मथळ्याखाली: ‘मूळ आकडा देणाऱ्या व्यक्तीचे मत निष्पक्ष नव्हते. धोका वीस दिवसांपूर्वी ज्ञात होता.’ आईने एवढं सगळं लिहायला सांगितलं नव्हतं. पण आत्या म्हणाली, एकोणीस वर्षांत त्या वहीत तिने एकही खोटी ओळ लिहिली नव्हती, ती पहिलीच होती. ती पुसायची तर नीट पुसायला हवी.

राखीव ठेवलेली एक बिजागरी नव्या वंगणासकट थंडीच्या चेंबरमध्ये गेली. उणे ऐंशी अंश तापमानात तिला सोडलं. नव्वद अंशांच्या कोनापर्यंत उघडायला हवी होती, एकसष्टवर थांबली. थोडी थरथरली आणि थांबलीच.

पुढचे चाळीस दिवस आई घरी फक्त झोपायला यायची. पॅनेल उतरवले. आठही बिजागऱ्या सुट्या करून धुतल्या. जुन्या वंगणाचा एक डबा दुसऱ्या कार्यक्रमाच्या भांडारात निघाला, तो मागून आणला. पुन्हा भरलं, पुन्हा थंडीत तपासलं. आठपैकी आठ नव्वदवर उघडल्या. उड्डाण पुढे ढकललं गेलं, पण उपग्रह वाचला. आणि पुन्हा सगळ्या संस्थेत आईचं नाव झालं. उपप्रमुख झाल्या झाल्या बाईंनी केवढं संकट परतवलं! संस्थेच्या पत्रिकेत पानभर लेख आला. आईने त्यात दोनदा सांगितलं होतं की ही चूक वहीतून पकडली गेली. छापून आलं, ‘संघाच्या सहकार्याने.’

आत्याने तो लेख बसमध्ये वाचला. खरं सांगून टाकल्याबद्दल तिला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. “मी जीव मुठीत धरून खरं बोलले,” ती मला म्हणाली, “आणि त्याचंही श्रेय तिच्याच पदरात. मला इतका संताप आला की मी एक स्टॉप आधी उतरले.”

प्रमुखांनी ‘बदलाचे कारण’ वाचलं होतं. त्यांनी आत्याला बोलावलं. या वेळी चष्मा डोळ्यांवरच होता.

“हे तुम्ही लिहिलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं,” ते म्हणाले.

“माहीत आहे.”

“आणि कळल्यावर मला काहीतरी करावंच लागणार.”

“तेही माहीत आहे.”

वही तिच्याकडून काढून घेतली. तळमजल्यावरच्या कागदपत्र विभागात तिची बदली झाली. तिथे जुन्या कार्यक्रमांच्या फायली होत्या आणि एक खिडकी, तीही भिंतीकडे उघडणारी. घरात आईने कुणालाही काही सांगितलं नाही. बाबांनाही नाही. आजीला वाटलं, लेकीला तळमजला मिळाला ते बरं झालं, जिने चढायला नकोत. पण दोन फ्लॅटमधली ये-जा थांबली. आईने सकाळची बस बदलली. मी मधल्या जागेत उभी राहून दोन बंद दारांकडे बघायचे आणि मला काहीच समजायचं नाही.

उपग्रह वर गेला त्या दुपारी आत्या कँटीनमधल्या टीव्हीसमोर उभी होती. तिला नियंत्रण कक्षात जायची परवानगी नव्हती. पडद्यावर आई कानाला यंत्र लावून बसलेली दिसत होती. पहिला पॅनेल उघडल्याचा संदेश आला. दुसऱ्याला अकरा सेकंद जास्त लागले. त्या अकरा सेकंदांत, आत्या म्हणते, तिच्या मनात दोन्ही गोष्टी होत्या. उघड बाई, उघड. आणि त्याच्या तळाशी कुठेतरी, अगदी बारीक: नको उघडूस. मग तो उघडला. कँटीनमधले सगळे ओरडले, शेजारच्या स्वयंपाक्याने आत्याला मिठी मारली, आणि पडद्यावर लोक आईचे हात हातात घेत होते. आत्याने टाळ्या वाजवल्या. किती वाजवल्या ते तिला आठवत नाही.

तळमजल्यावर असताना आत्याने एक टिपण लिहून वर पाठवलं. धोक्याला आकडा देताना ते काम कुणाचं आहे त्याचं नाव कागदावरून झाकावं. आकडा दोन माणसांनी वेगवेगळा द्यावा, एकमेकांचा न बघता. आणि दोघांत फरक पडला तर दोघांनी समोरासमोर बसून बोलावं. टिपणात कारण एकाच वाक्यात होतं: ‘आकडा देणारा माणूस असतो.’ पाच महिन्यांनी त्याचा नियम झाला. खाली सही प्रमुखांची होती. आत्याने तो फलकावर वाचला, सहीवर दोन मिनिटं नजर रोखून बघत राहिली आणि खाली आली.

दीड वर्ष असंच गेलं. मग आईला तिचा स्वतःचा कार्यक्रम मिळाला. आता ती प्रमुख होती. माणसं निवडताना वहीसाठी तिने एकच नाव लेखी मागितलं. ज्यांना काही माहीत होतं त्यांनी भुवया उंचावल्या. आई म्हणाली, “स्वतःच्या विरोधात ओळ लिहिणारं दुसरं कुणी तुमच्याकडे असेल तर दाखवा.”

आदेशाचा कागद घेऊन आत्या त्या संध्याकाळी आमच्या दारात आली. दीड वर्षात पहिल्यांदा. दार मीच उघडलं. आई आतून बाहेर आली. दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या.

“हे कशाला केलंस?” आत्या म्हणाली. “उपकार म्हणून?”

“मला भीती वाटते म्हणून,” आई म्हणाली. “आता पत्रं मला वाचावी लागतात. मला जमत नाही गं. डोळ्यासमोरून जातात आणि डोक्यात शिरत नाहीत.”

“आणि मी पुन्हा तसं केलं तर?”

“आता नावं झाकलेली असतात ना,” आई म्हणाली. “तूच सोय करून ठेवली आहेस.”

आत्या आत आली, बसली, पाणी प्यायली. मला नंतर तिने विचारलं, “त्या क्षणी माझ्या मनात काय आलं असेल सांग.” मी म्हटलं, बरं वाटलं असेल. “छे!” ती म्हणाली. “हुशारी हिला, नवरा हिला, पद हिला, फोटो हिला, आणि एवढं मोठं मन तेही हिलाच का, असं वाटलं. ते सगळ्यात जास्त झोंबलं.”

पण ती त्या कार्यक्रमात गेली, आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. पहिल्याच महिन्यात नाव झाकलेल्या एका ओळीला तिने मनापासून चार दिले. झाकलेलं नाव आईच्या लाडक्या इंजिन विभागाचं निघालं. आई तणतणत तिच्याकडे आली आणि दोघी बंद खोलीत सव्वा तास भांडल्या. बाहेर कॉरिडॉरमध्ये ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. घरी आल्यावरही दोन दारं उघडी ठेवून भांडणच चालू होतं. आजी मध्ये खुर्ची टाकून बसली होती आणि मला विचारत होती, “कोण जिंकतंय गं?”

मी म्हटलं, “कळत नाही.”

आत्याने आकडा बदलला नाही.